लकडगंजचं सागवान: भाव नंतर विचारा, पावसाळा आधी विचारा

वर्ध्यात आमचं दारं, चौकटी आणि खिडक्यांचं काम आहे. वडील हाताने रंधा मारायचे, आता मशीन आलं, पण लाकूड अजून तिथूनच येतं: बहुतेक नागपूरच्या लकडगंजातून, कधी बल्लारशाच्या सरकारी डेपोतून, क्वचित परतवाड्याहून. घर बांधायला काढलेला प्रत्येक माणूस मला एकच विचारतो, "ताई, सागवानाचा भाव कधी उतरतो?" उत्तर सोपं आहे. आषाढापासून पितृपक्ष संपेपर्यंत. पण एवढंच ऐकून कुणी गाडी घेऊन निघालं, तर पुढच्या एप्रिलात त्याच्या दाराच्या फळ्यांमधून पलीकडचं दिसायला लागतं. म्हणून हे जरा विस्ताराने लिहिते.

आधी बाजाराबद्दल. इतवारीला लागून असलेला लकडगंज हा नावाप्रमाणेच लाकडाचा भाग. आरा मशीन आणि लाकडाची दुकानं एकमेकांना चिकटून, त्यातली बरीच कच्छी पटेल मंडळींची, दोन-तीन पिढ्या याच धंद्यातली. या बाजाराची मला सर्वांत मोठी सोय वाटते ती ही, की एकाच चकरेत चार ठिकाणचं सागवान शेजारी शेजारी ठेवून बघता येतं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बल्लारशा-आलापल्लीकडचं, ज्याला व्यापारी अजून 'सीपी' म्हणतात (इंग्रजांच्या काळच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधला हा सीपी), मध्यप्रदेशातलं बैतूलकडचं, मेळघाटातलं आणि जहाजाने आलेलं आफ्रिका-दक्षिण अमेरिकेतलं. डोळा बसला की फरक लांबूनच कळतो. आलापल्लीच्या जुन्या झाडाची सार, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, काळपट सोनेरी असते, रेषा दाट, बोट फिरवलं की तेलकट लागतं. बाहेरदेशीचं बरंचसं लागवडीतलं कोवळं झाड. रंग फिका, कडेची पांढरी लाकडाची पट्टी रुंद. वाईट नाही ते, आतल्या खोलीच्या चौकटीला खुशाल वापरावं. पण सीपीच्या भावात कुणी देत असेल तर हात जोडावे.

अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान गेलं, दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरकडचं सागवान लागलं. आमच्या भागातल्या माणसाला याचा अभिमान वाटणारच, मलाही वाटतो. पण तेव्हापासून दुकानात कुठलीही फळी त्या नावाने पुढे केली जाते. त्या नावाचे पैसे वेगळे देऊ नका. लाकूड कोणत्या जंगलातून, कोणत्या डेपोतून आलं याचा कागद असतो; सरकारी डेपोच्या मालाला वनखात्याच्या हातोड्याची खूण असते आणि वाहतूक परवाना असतो. गोल माल, म्हणजे न चिरलेले ओंडके, घेत असाल तर हा परवाना मागा. चिरलेल्या मालावर खूण उरत नाही, तिथे दुकानदाराची पक्की पावती हाच आधार.

आता मोसम. हा सगळा बाजार जंगलाच्या घड्याळावर चालतो, आणि ते घड्याळ गिऱ्हाइकाला कुणी समजावून सांगत नाही. सागवानाची तोड पावसाळा उलटल्यावर सुरू होते आणि हिवाळाभर चालते. जानेवारीनंतर सागाची पानं गळतात, झाड उघडं होतं. पुढे फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस, आणि जूनमध्ये जंगलातले रस्ते बंद. त्यामुळे जे काही तोडलंय ते पावसाच्या आत ओढून डेपोत आणायची घाई असते. म्हणजे ताजा गोल माल डेपोत दिसतो तो पौष-माघापासून. थप्प्या लागतात, लॉट (लिलावासाठी केलेले ओंडक्यांचे गट) पडतात, लिलाव होतात. हे लिलाव आता ऑनलाइन झालेत. अनामत भरायची, आधी डेपोत जाऊन लॉट डोळ्यांनी बघून यायचा आणि बोली घरून लावायची.

लकडगंजातला व्यापारी याच काळात आपला वर्षभराचा माल भरतो. म्हणून माघ-फाल्गुनात त्याच्याकडे दोन तऱ्हेचं लाकूड असतं: नुकतंच आलेलं ओलं, आणि गेल्या वर्षीचं, एक पावसाळा शेडमध्ये काढलेलं. हे दुसरं घ्या. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीपाशी येतं. एक पावसाळा आडोशाला आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा मोकळ्या हवेत राहिलेली फळी विदर्भाच्या हवेला सरावलेली असते. व्यापाऱ्यालाही नव्या मालासाठी जागा हवी असते आणि मार्चअखेरचे घेणेकरी दारात असतात, त्यामुळे तो बोलायला तयार होतो. भाव पावसाळ्याइतका खाली येत नाही, पण त्या भावात जे मिळतं ते पावसाळ्यात मिळत नाही.

पावसाळ्यात भाव का उतरतो, तेही बघा. बांधकामं मंदावतात, रंगाऱ्याचं काम अडतं, पॉलिश धरत नाही. आषाढ लागला की घराचे मुहूर्त थांबतात, आणि पितृपक्षात तर नवी वस्तू घ्यायची नाही म्हणून दुकानं ओस. त्या पंधरा दिवसांत लकडगंजात मालक स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसलेले दिसतात. माझ्या अनुभवात चिरलेल्या सागवानात या काळात घनफुटाला शे-दोनशे रुपये सहज सुटतात, मोठी खरेदी असेल तर थोडे जास्त.

आता त्या दोनशेचं वजन करू. पाच बाय तीन इंची चौकट, दोन उभ्या सात फुटी आणि वरची साडेतीन फुटी. एकूण साडेसतरा फूट. पाच गुणिले तीन गुणिले साडेसतरा, भागिले १४४, म्हणजे सुमारे १.८२ घनफूट. दोनशेच्या हिशेबाने एका चौकटीमागे वाचले साधारण ३६५ रुपये. आणि ती चौकट पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाची निघून उन्हाळ्यात पिळली, तर लाकूड गेलं, मजुरी गेली, भिंतीचं प्लास्टर फोडावं लागलं ते वेगळं. हा हिशेब मी गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडते. तोंडी सांगून पटत नाही, कागदावर पटतं.

लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं, सागवानही. इतर लाकडांपेक्षा सागवान कमी हलतं, म्हणजे कमी फुगतं-आकसतं, म्हणून तर त्याला हा मान. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवेत दमटपणा जवळजवळ नसतोच. शेडमधल्या सुक्या फळीला ओलाव्याचा मीटर लावला की सहा-सात टक्के दाखवतो. तीच फळी ऑगस्टअखेर पंधरा-सोळावर. एवढ्या फरकात बारा इंच रुंद आडव्या चिराईची फळी चार-पाच मिलिमीटर हलते. दाराचं पॅनल कोकणातल्या सुताराने बसवलं तर तो वेगळी फट ठेवेल, आमच्याकडे वेगळी ठेवावी लागते. आणि ही सगळी गोष्ट सुक्या लाकडाची. ताजं चिरलेलं ओलं लाकूड घेतलंत तर आकसणं याच्या कितीतरी जास्त, शिवाय टोकाच्या भेगा.

मीटरबद्दल एक शब्द. दोन पिना असलेला साधा ओलावा मोजायचा मीटर ऑनलाइन मिळतो, एका चौकटीच्या लाकडापेक्षा स्वस्त पडतो. घर बांधणाऱ्याने तो घ्यावाच असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या श्रावणात एका दुकानात (नाव लिहीत नाही) मला दोन इंची फळ्यांची थप्पी दाखवली. "दीदी, एकदम सूखा माल है, सालभर का." वरच्या फळीला मीटर लावला, सतरा. पावसाळ्याच्या मानाने ठीक. मग खालून चौथी ओढून काढायला सांगितली, तिचं टोक नाही, मधला भाग तपासला: सव्वीस. फळ्यांच्या मध्ये काड्या नव्हत्या, एकावर एक नुसत्या रचलेल्या. हवा खेळायला जागाच नाही, तर लाकूड वर्षभर ठेवा नाहीतर दोन वर्षं. मी तो माल घेतला नाही. तेव्हा थप्पी बघताना आधी फळ्यांमधल्या काड्या बघा. काड्या एकाखाली एक सरळ रेषेत असतील, टोकांना रंग किंवा मेण लावलेलं असेल आणि वर पत्रा असेल, तर तो दुकानदार लाकडाची कदर करतो. त्याने दोन रुपये जास्त सांगितले तरी तिथेच थांबा.

काही आरा मशीनवाल्यांनी लाकूड सुकवायची भट्टी बसवली आहे, त्याला ते सीझनिंग प्लांट म्हणतात. घाईच्या कामाला हा चांगला मार्ग. मात्र भट्टीतून निघालेलं लाकूड पुन्हा उघड्यावर पावसात ठेवलं तर त्या भट्टीचा उपयोग काय? कधी काढलं आणि त्यानंतर कुठे ठेवलं, हे दोन्ही विचारा.

दसरा ते दिवाळी हा काळ खरेदीला मला सर्वांत नावडता. मागणी एकदम उसळते, सगळ्यांना पाडव्याला घरात जायचं असतं, भाव वर आणि लाकडात पावसाळ्याचं पाणी अजून शिल्लक. दोन्हीकडून मार. घाई असलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगते, मुख्य दार तेवढं जुन्या सुक्या मालातून करू, बाकीच्या चौकटी मार्गशीर्षानंतर बसवू. काही ऐकतात.

उन्हाळ्याचं चित्र वेगळं. गुढीपाडवा, अक्षय तृतीया, त्यानंतर लग्नसराई. दिवाण, कपाट, ड्रेसिंग टेबल यांच्या ऑर्डरी एकाच वेळी. फर्निचरच्या मापाच्या एक-सव्वा इंची फळ्या चैत्र-वैशाखात चढ्या भावाने जातात, कधी कधी मिळतच नाहीत. चौकटीच्या जाड मालावर त्याचा तेवढा परिणाम होत नाही. म्हणून चौकटी एप्रिलातही घेता येतात, फर्निचरचा माल मात्र फेब्रुवारीतच उचलून ठेवावा.

आणखी एक लाकूड उन्हाळ्याच्या शेवटी बाजारात येतं, त्याबद्दल मला जरा पोटतिडकीने लिहायचंय. शेतकऱ्याच्या बांधावरचं सागवान. मे संपत आला की खरिपाच्या बियाण्याला, खताला पैसा लागतो, आणि बांधावरचं उभं झाड विकलं जातं. दलाल येतो, झाडाभोवती हाताने कवळ घालतो आणि ठोक भाव सांगतो. मोजमाप नाही. मालकीचं झाड असलं तरी तोडायला परवानगी लागते, वाहतुकीला परवाना लागतो; ती धावपळ आपण करतो म्हणून दलाल आणखी पैसे कापतो. ज्यांच्या घरी अशी झाडं असतील त्यांनी निदान मोजणी शिकून घ्यावी. छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळा, पण त्या गोलाईवर सौदा करू नका, कारण झाड वर निमुळतं होत जातं. तोडल्यावर ओंडक्याच्या मध्यावर, साल काढून मापा. बाजाराची जुनी रीत अशी: गोलाईचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. ४८ इंच गोलाई, दहा फूट लांबी असेल तर चौथा भाग बारा इंच, म्हणजे एक फूट. एक गुणिले एक गुणिले दहा, दहा घनफूट. खरं घनफळ काढलं तर ते पावणेतेरा घनफुटांच्या जवळ येतं. मधला जो फरक, तो चिराईतला भुसा आणि कडा यांच्या नावाने सोडलेला असतो. ही रीत दोघांना माहीत असेल तर व्यवहार सरळ होतो. एकालाच माहीत असेल तर शेतकरी दोनदा कापला जातो, कारण आधीच सूट असलेल्या मापावर दलाल "घट" म्हणून पुन्हा सूट मागतो. आणि शक्य असेल तर हे झाड मे-जूनमध्ये विकू नका. पेरणीची गरज सगळ्या दलालांना ठाऊक असते. तेच झाड डिसेंबरात विकलं, जेव्हा व्यापाऱ्याला माल भरायचा असतो, तर बोलणं तुमच्या बाजूने होतं.

बाहेरदेशीच्या सागवानाला आपल्या सणवारांशी देणंघेणं कमी. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं. तेव्हापासून जुन्या अर्थाने 'बर्मा टीक'चा नवा ओंडका आपल्याकडे येत नाही. कुणी ताज्या गोल मालाला बर्मा म्हणत असेल तर कागद मागा. आफ्रिकेतला, इक्वेडोर-पनामाकडला माल कंटेनरने कांडला, न्हावाशेवा अशा बंदरांत उतरतो. त्याचा भाव डॉलर आणि जहाजाचं भाडं ठरवतं. २०२१ मध्ये कंटेनरची भाडी भडकली तेव्हा हे सगळ्यांना कळलं. ऐन पावसाळ्यात, मंदीच्या दिवसांत, आयात माल महागच राहिला आणि गिऱ्हाईक पुन्हा बैतूल-बल्लारशाकडे वळलं.

सागवानापलीकडची लाकडं लकडगंजात कमी झालीत, याचं वाईट वाटतं. वडील बीजा आणि हळदू आवडीने वापरत. बीजाची चौकट वजनाला भारी, वाळवीला जुमानत नाही. आता मागितलं तर दुकानदार मागच्या बाजूला जाऊन शोधून आणतो. शिवणीचं लाकूड ढोलकीवाले आणि मूर्तिकार नेतात. पूर्वी संत्र्याच्या पेट्यांसाठी हलक्या लाकडाला मोठी मागणी असायची; आंबिया बहार निघाला की पेट्यांच्या फळ्यांचा भाव चढायचा, मृगाच्या बहाराला पुन्हा. खोके आणि प्लास्टिकचे क्रेट आले, आणि हा बाजार आटला.

सरपणाचा एक मुद्दा, कारण लोक त्यात फसतात. इमारती लाकूड घनफुटावर विकतात, सरपण वजनावर. पावसाळ्यात टालीवरून (सरपणाच्या वखारीतून) क्विंटलने लाकूड घेतलं तर तुम्ही पाण्याचे पैसे मोजता, आणि कोरडं मिळणं कठीण म्हणून भावही चढा. ज्यांच्याकडे चूल, भट्टी, हॉटेल असेल त्यांनी वर्षाचं सरपण मे महिन्यातच भरावं.

सेवेबद्दल. लकडगंजात तुमच्या मापाप्रमाणे समोर उभं राहून चिरून मिळतं, आणि ते बघायला वेळ काढाच. चांगला आराचालक ओंडका फिरवून भेग कुठून निघालीय ते आधी बघतो आणि पहिला काप तिच्या दिशेनेच घेतो. अशाने एक-दोन फळ्या जास्त निघतात. माप मात्र स्वतःच्या टेपने घ्या. जाडी सव्वा इंचाची लावतात आणि मधे मोजली तर सव्वाला कमी भरते, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी बघितलंय. हटकलं की लगेच दुरुस्त करतात, भांडत नाहीत. पांढरी कड मापात धरायची की नाही, ते भाव ठरवतानाच बोलून घ्या. त्या पांढऱ्या भागाला दमट दिवसांत कीड लागते, आणि भुसा पडायला लागल्यावर दुकानात जाऊन उपयोग नसतो. जीएसटी १८ टक्के आहे. कच्च्या पावतीवर स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे माल परत करता येत नाही. माझ्या ठरलेल्या दुकानाने पिळलेल्या दोन फळ्या पक्की पावती बघून बदलून दिल्या होत्या, काही न बोलता. पाचपैकी चार गुण मी या बाजाराला आनंदाने देते. एक कापते तो साठवणीसाठी: एवढा महागाचा माल इतक्या दुकानांत अजून उघड्यावर, चिखलाच्या वर दोन विटा ठेवून पडलेला असतो.

बल्लारशाला स्वतः जावं का? एका घराच्या लाकडासाठी नाही. लॉट मोठे असतात, अनामत, मुदतीत पैसे, उचल, वाहतूक परवाना, मग आरा मशीनवर चिराई आणि त्यानंतर वर्षभर ठेवायला जागा, एवढं सगळं लागतं. पण तीन-चार घरं मिळून घेत असाल, किंवा वाड्याची डागडुजी, देवळाचा सभामंडप असं मोठं काम असेल, तर जरूर जा. जानेवारी-फेब्रुवारीत जा, सकाळी जा, आणि सोबत लाकूड ओळखणारा सुतार न्या. लांब, सरळ, मोठ्या गोलाईच्या ओंडक्यांवर मोठे व्यापारी तुटून पडतात. मधल्या गोलाईचे, एखादी गाठ असलेले लॉट त्या मानाने कमी भावात सुटतात, आणि घराच्या चौकटींना तेच पुरतात. ओंडक्याची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला मधोमध काळा डाग किंवा पोकळी दिसली तर दुसऱ्या टोकालाही आहे का ते तपासा. दोन्हीकडे असेल तर आत आरपार गेलेली आहे असं धरून बोली लावा.

आणलेलं लाकूड घरी ठेवताना जमिनीपासून हातभर वर, भिंतीपासून सुटं, इंचभर जाडीच्या सारख्या काड्या देऊन रचा आणि सगळ्यांत वरच्या फळीवर वजन ठेवा. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळू नका, फक्त वरून टाका. फेब्रुवारीत घेतलेल्या एक पावसाळा जुन्या मालाला असे दोन महिने मिळाले, की अक्षय तृतीयेला रंधा लावायला हरकत नाही.